गाडी येते म्हणालो

"गाडी लगेच पाठवतासा काय? माणूस पहाटेच गेलंय. पाहुणे सगळे येऊन बसल्यात."

रिसीव्हर कानाला लावून मी तसाच उभा राहिलो. रातपाळी करून नुकताच घरी आलो होतो. डोक्यात सूतगिरणीतली रुई तशीच होती आणि दुसऱ्या हातात चहाची बशी.

"कसली गाडी? कुठली?"

"शववाहिका वो. करुणा मंडळाची."

"राँग नंबर," म्हणून मी फोन ठेवला आणि सुलोचनाला म्हणालो, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलतात लोक."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी सहा फोन आले. सगळ्यांना तीच गाडी हवी होती. शेवटी एकाला मी दरडावून विचारलं, "हा नंबर तुम्हाला दिला कुणी?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "कॅलेंडरवर हाय की."

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. इचलकरंजीत तेव्हा करुणा सेवा मंडळानं नवी शववाहिका घेतली होती आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर घरोघर, दुकानोदुकानी फुकट वाटलं होतं. चांगलं हातभर लांब कॅलेंडर. खाली ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलेलं, 'शववाहिकेसाठी केव्हाही फोन करा'. पुढं नंबर आमच्या घरचा. खरा नंबर रसूल शिकलगारच्या गॅरेजचा होता. गाडी त्याच्याकडे उभी असायची आणि तोच ती चालवायचा. त्याच्या नंबराचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस, आमचे चौऱ्याहत्तर. छापणाऱ्याच्या हातून आकडे उलटे पडले, एवढंच.

मी मंडळात गेलो. सेक्रेटरी भला माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली, हात जोडले.

"आठ हजार कॅलेंडरं गेली वो मगदूम. आता ती गोळा कशी करायची सांगा? एवढं वर्ष सांभाळून घ्या."

टेलिफोन ऑफिसात गेलो तर नंबर बदलून मिळेल म्हणाले, पण मधे काही दिवस फोन बंद राहणार होता. तेही आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. आमची उज्ज्वला बेळगावला दिलेली, तिला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला तिनं मरणाच्या दारातून परत येणं काय असतं ते बघितलं होतं. तिच्यासाठी तर मी चार वर्षं वाट बघून फोन घेतला होता. तो बंद ठेवायचा म्हटल्यावर सुलोचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी अर्ज खिशातच ठेवला.

सुलोचनानं फोनच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं रसूलचा नंबर लिहून ठेवला. कुणाचाही फोन आला की ती नंबर सांगायची, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायची, आणि मग विचारायची, "कोण गेलं वो? काय झालंतं?"

"अगं, नंबर सांगायचा आणि ठेवायचा," मी म्हणायचो. "चौकशा कशाला?"

"घरात मढं ठेवून माणूस फोनवर बोलाय लागलाय. त्याला एवढंसुद्धा विचारू नये?"

जेवताना ती मला सांगायची. आज गावभागात एक ऐंशी वर्षांची म्हातारी गेली, सगळं बघून गेली. आज एक बावीस वर्षांची पोर, कावीळ झाली होती. माझा घास हातात राहायचा.

"जेवताना नको," मी म्हणायचो, आणि ती गप्प बसायची.

रसूलशी माझी ओळख अशीच झाली. एकदोनदा माणूस फारच रडत होता म्हणून मी स्वतः रसूलला फोन करून पत्ता सांगितला होता. तो म्हणायचा, "मगदूमकाका, तुम्ही आमचं हेडऑफिस झालासा." मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

कारण मला झोप नव्हती. मी गिरणीत रिंग फ्रेम खात्यात जॉबर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवरचा मुकादम होतो. त्या वर्षी माणसं कमी केली होती आणि मला सलग तीन महिने रातपाळी लागली होती. वय बावन्न. सकाळी आठला घरी यायचं, चार घास खायचे आणि तीनपर्यंत पडायचं, असा हिशेब. पण डोळा लागला की फोन वाजायचा. मी तो गोधडीत गुंडाळून बघितला, पत्र्याच्या पेटीत घालून बघितला. पेटीतून तो असा घुमायचा की शेजारचे विचारायला यायचे, काय वाजतंय म्हणून. सुलोचना घरात होती तोवर ती पळत जाऊन उचलायची आणि दबक्या आवाजात बोलायची. मला अर्धवट झोपेत तिचं ते ऐकू यायचं, "हो का... अरे देवा... सत्तेचाळीस, सत्तेचाळीस म्हणा बघू."

एप्रिलात ती बेळगावला गेली. उज्ज्वलाला नववा लागला होता आणि डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली होती. एस. टी. स्टँडवर ती मला म्हणाली, "डबा शेजारच्या वहिनी देतील. बाकी कायबी करा, पण रिसीव्हर काढून ठेवू नका. कुठल्या घडीला फोन करावा लागंल सांगता येत न्हाई."

"न्हाई ठेवत," मी म्हणालो.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून मला काही सुचेना. पत्र्याचं घर, वरून ऊन, भारनियमनानं पंखा बंद. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, उज्ज्वलाचं काय झालं? धडपडत उठायचं, उचलायचं, आणि पलीकडून, "गाडी मिळंल काय?" मी नंबर सांगायचो. कोण गेलं, काय झालं हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. एका दिवसात अकरा फोन आले. चार दिवसांत मिळून मी नऊ-दहा तास झोपलो असेन. गिरणीत तुटलेला धागा जोडताना माझं बोट थोडक्यात वाचलं. सुपरवायझर म्हणाला, "मगदूम, घरी जाऊन झोपा, न्हाईतर तुम्हालाच गाडी बोलवाय लागंल." सगळे हसले. मीही हसलो असेन.

त्या गुरुवारी मी सकाळी घरी आलो तो कपडेही न बदलता पडलो. पावणेदहाला फोन वाजला.

"हॅलो! गाडीवाले काय?" म्हातारा आवाज होता, आणि ओरडून बोलत होता.

"न्हाई. हा घरचा नंबर हाय. गाडीचा नंबर सांगतो, घ्या."

"आँ? मोठ्यानं बोला. मागाच्या आवाजानं कान गेल्यात माझं."

मी मोठ्यानं नंबर सांगितला. तीनदा सांगितला.

"बरं बरं," तो म्हणाला. "आमची मंडळी गेली. चा घेतला आणि बसल्या जागी कलली. किती वेळात येतीया गाडी?"

मी पुन्हा सांगायला लागलो, तोवर फोन कट झाला. कुठल्या तरी दुकानातल्या, नाणं टाकायच्या लाल डब्यावरून करत असणार.

मी आडवा झालो. दहा मिनिटांत पुन्हा तोच.

"ते गाडीचं काय झालं वो?"

"बाबा, हा राँग नंबर हाय! कॅलेंडरवर चुकून छापलाय!"

"व्हय, कॅलेंडरवरच बघितला. मोठ्या अक्षरात हाय म्हणून दिसतोय मला."

"दुकानदाराकडं द्या फोन!"

"दुकानदार मालाला गेलाय. त्याची लहान पोरगी बसलीया हितं."

तिसऱ्या खेपेला मी उचलला आणि काही न बोलता ठेवला. डोळ्यांसमोर काजवे नाचत होते, डोकं ठणकत होतं. उशी डोक्यावर घेतली. मला झोप लागते आहे, लागली आहे असं वाटलं, आणि चौथ्यांदा वाजला.

"भाऊ, निघाली काय गाडी?"

"निघाली," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. पण एकदा बोलल्यावर पुढचं सोपं होतं.

"अर्ध्या तासात येते. आता फोन करू नका. घरी जाऊन बसा."

"पत्ता घेतलासा काय? विणकर वसाहत, मागची गल्ली. नारायण बुगड म्हणून विचारा."

"घेतला."

"लई उपकार झाले भाऊ," तो म्हणाला. या वेळी त्याला सगळं एका दमात ऐकू आलं होतं.

मी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. त्यातून बारीक सूं आवाज येत होता. त्यावर उशी ठेवली आणि मी झोपलो. खोटं कशाला बोलू, महिनाभरात अशी झोप मला लागली नव्हती. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. साडेचार वाजून गेले होते. अंग हलकं झालं होतं. मी तोंड धुतलं, रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि हात काढायच्या आत फोन वाजला.

"अहो, किती वेळ लावतीया मी! सारखा एंगेज!" सुलोचनाचा आवाज. "बाराला सुटली उज्ज्वला. मुलगी झाली. दोघी चांगल्या हायत."

मी खाली बसलो. ती तिकडं हसत होती आणि रडत होती. बाळाचं नाक माझ्यासारखं आहे म्हणाली. मग म्हणाली, "पण एवढा वेळ फोन कुणाशी चालला होता?"

"कुणाशी न्हाई. रिसीव्हर नीट बसला नव्हता. आत्ता बघितलं."

"अगोबाई. मग गाडीसाठी कुणी फोन केला असंल त्यांची केवढी पंचाईत झाली असंल."

ती पुढं काय काय बोलली ते मला आठवत नाही. मी हो हो म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि लगेच रसूलला लावला.

"रसूल, आज विणकर वसाहतीत गेलतास काय?"

"न्हाई वो काका. आज दिवसभर फोनच न्हाई. मी म्हटलं गावात आज कोण मेलंच न्हाई जणू."

"गाडी काढून ठेव. मी येतोय."

सायकल मारत मी गॅरेजवर गेलो. सात तास झाले होते. वाटेत मी स्वतःला समजावत होतो. शेजारीपाजारी असतील, कुणीतरी टेम्पो आणला असेल, एव्हाना सगळं उरकून लोक घरी आले असतील. रसूल गाडी सुरू करून बसला होता. मी त्याला म्हणालो, "सकाळी त्यांचा फोन आलता. तुला निरोप द्यायचा माझ्याकडनं राहिला."

"राहतंय काका," तो म्हणाला. "रातपाळीचा माणूस."

विणकर वसाहतीच्या मागच्या गल्लीत शिरलो तर लांबूनच लोक दिसले. पंधरा-वीस जण सावली धरून भिंतीकडेला बसले होते. तिरडी बांधून दारात ठेवलेली. फुलं पार सुकली होती. दाराच्या उंबऱ्यातून पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत आला होता. आत बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या, त्याचं पाणी.

गाडी थांबली तशी एक चाळिशीची बाई तरातरा पुढं आली. ती बुगडांची शेजारीण, शालन सातपुते. हे नाव मला नंतर कळलं.

"ही तुमची यायची वेळ व्हय?" ती रसूलवर तुटून पडली. "सकाळी धाला सांगितलंय तुम्हाला! अर्ध्या तासात येतो म्हणून सांगितलासा! सात तास झाले! आमचा माणूस सायकलवर तुमच्या मंडळात जाऊन आला, तर ऑफिसला कुलूप. फोन करावा तर सारखा एंगेज. कुणाशी गप्पा मारत बसलतासा? तुमच्या घरात कोण मरत न्हाई व्हय रे?"

रसूलनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बघत होतो.

"चुकलं ताई," तो म्हणाला. "आता उचलू या. दिवस मावळंल."

"चुकलं म्हणे! लाज वाटू दे जरा!"

आणखीही बरंच बोलली ती. लोकांतले दोघेतिघेही बोलले. रसूलनं मान खाली घालून मागचं दार उघडलं, आतलं स्ट्रेचर काढलं.

तेवढ्यात आतून म्हातारा आला. बारकासा, धुवट धोतर, डोळ्यांना जाड काचांचा चष्मा. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला.

"आली का न्हाई?" तो त्या लोकांना ओरडून म्हणाला. "मी काय म्हणत होतो? ह्यास्नी धीरच न्हाई. टेम्पो आणू म्हणत्यात, खांद्यावरनं नेऊ म्हणत्यात. आरं, माणसानं सांगितलंय म्हटल्यावर येणारच की." मग माझ्याजवळ येऊन त्यानं हात जोडले. "गाडी बंद पडलीती काय? उन्हाचं हुतंय तसं."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

आत म्हाताऱ्याची बायको, अंबूबाई होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मूर्ती एवढीशी. कोपऱ्यात दोन बायका वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घालत बसल्या होत्या. दिवसभर बसल्या असणार, हात यंत्रासारखे हलत होते. खोलीत उदबत्त्यांचा धूर कोंडला होता आणि त्या धुराखाली तो दुसरा वास होता. एप्रिलच्या उन्हात सात तास. मी खांदा दिला. तिचं वजन काहीच नव्हतं.

पंचगंगेच्या घाटावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. त्यानंच अग्नी दिला. लोक हळूहळू पांगले. तो पायरीवर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"आजोबा," मी म्हणालो, "सकाळी फोनवर मी होतो. मी गाडीवाला न्हाई. मी खोटं सांगितलं."

"आँ?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा सांगितलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय व्हय. गाडी चांगली हाय. हादरं बसत न्हाईत," तो म्हणाला.

मागं वळून बघतो तर रसूल उभा. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, म्हाताऱ्यासाठी आणलेली.

"म्हणजे निरोप राहिला नव्हता," तो म्हणाला.

"न्हाई."

त्यानं बाटली म्हाताऱ्याच्या हातात दिली. मग माझ्याकडं न बघता बोलला. "त्या बाईनं मला नको नको ते सुनावलं. मी म्हटलं असू दे, काका विसरलं असतील, माणूस विसरतंय. म्हणून गप बसलो."

"रसूल, माझं चुकलं."

"मला सांगून काय करायचं? मी गाडी चालवणारा." तो गाडीकडं गेला.

आम्ही तिघे विणकर वसाहतीत परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात शालनबाईनं जमीन सारवून तिथं पणती लावली होती. म्हातारा पणतीला हात जोडून भिंतीला टेकून बसला. शालनबाई दारात पाण्याची बादली घेऊन उभी होती. मी तिच्यासमोर गेलो आणि सगळं सांगितलं. कॅलेंडर, रातपाळी, चार फोन. रसूलचा यात काडीचाही दोष नाही हेही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ही आता अंगावर येईल, दोन ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

ती ऐकत राहिली. मग बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसली. तीही दमली होती.

"दुपारी दोनला अंबूबाई हलल्या असं वाटलं त्यांना," ती म्हणाली. "बर्फ वितळून अंग सरकलं असंल. पण हे उठले, म्हणाले जित्ती हाय, डॉक्टर बोलवा. पुन्हा डॉक्टर आणला. पुन्हा त्यानं न्हाई म्हणून सांगितलं. एका दिवसात दोनदा ऐकलं त्यांनी."

मी उंबऱ्यातून आत म्हाताऱ्याकडं बघितलं.

"मी सांगितलं घाटावर त्यांना," मी म्हणालो. "ऐकू आलं न्हाई."

"मग लिहून द्या."

ती तिच्या घरात गेली, मुलीची चित्रकलेची वही आणि काळा स्केचपेन घेऊन आली. मी पायरीवर बसून कोरं पान काढलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं: गाडीचा फोन माझा नाही. सकाळी मी खोटं बोललो. गाडी सांगितली नव्हती. झोपलो होतो.

म्हाताऱ्यानं वही पणतीजवळ धरली, मग चष्म्याजवळ आणली. एकेक अक्षर ओठांनी लावत वाचलं. शेवटी पोचल्यावर परत पहिल्यापासून वाचलं. शालनबाई, रसूल, मी, सगळे तिथंच. गल्लीत कुठंतरी मागांचा खडखडाट चालू होता.

त्यानं वही खाली ठेवली.

"दिवसभर मी तुझ्या बाजूनं भांडलो," तो म्हणाला. ओरडला नाही. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला. "ही माणसं म्हणत हुती, कोण येत न्हाई आता. मी ह्यास्नी शिव्या दिल्या. घरातनं जावा म्हटलं. तुझ्यासाठनं."

मी त्याच्या पायांवर हात ठेवायला वाकलो. त्यानं पाय आत घेतले.

"जा आता," तो म्हणाला.

मी घरी आलो, आंघोळ केली. त्या दिवशी पाळीवर गेलो नाही. सुलोचना परत आल्यावर तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. डिसेंबरअखेरपर्यंत फोन येतच राहिले. मी घरी असलो की तिला उठू द्यायचो नाही, मीच उचलायचो. त्यात मोठेपणा काही नव्हता, ती तिथं उभी राहून बघायची म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. रक्षाविसर्जनाला जावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सकाळी गिरणीतून सुटलो तेव्हाही ठरलं नव्हतं. सायकल मात्र घाटाकडं वळली. पंधरा-वीस माणसं जमली होती. मला बघून शालनबाईचा नवरा दुसऱ्या कुणाच्या तरी कानात काही बोलला, आणि लोक माझ्याकडं बघायला लागले. रसूल आलेला होता. त्यानं मान हलवली. सगळं उरकल्यावर दहीभात ठेवून लोक बाजूला झाले आणि कावळ्याची वाट बघत बसले. घाटावर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. त्या भरलेल्या. मी मागं उन्हातच उभा राहिलो. उभ्या उभ्या डोळे मिटत होते.

म्हातारा पुढच्या सतरंजीवर बसला होता. मधेच त्यानं मागं वळून बघितलं. जाड काचांतून त्याला मी दिसलो असेन की नुसता कुणीतरी उभा माणूस दिसला असेल, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानं तोंड पुन्हा नदीकडं वळवलं. मग दोन्ही हात टेकून, थोडा थोडा करत, एका माणसापुरता बाजूला सरकला.

मी जाऊन बसलो. कावळा यायला त्या दिवशी फार वेळ लागला.